डाव्या रेडिएटरची गळती आणि वाळूजचा आर्गनवाला

एप्रिलमध्ये दुधनेच्या कोरड्या पात्रात माझी २५० सीसीची डर्ट बाईक डाव्या कुशीवर पडली. मला खरचटलंही नाही, पण गाडी उभी केली तर काळ्या दगडावर हिरवं पाणी, म्हणजे इंजिन गार ठेवणारं कूलंट, ठिपकत होतं. या गाड्यांना टाकीच्या दोन्ही बाजूंना एकेक लहान रेडिएटर असतो, त्यामुळे पडलं की पहिला मार तिथेच बसतो.

घरी आणून मी चीर इपॉक्सीने लिंपली आणि बोअरचं पाणी भरलं. दोन्ही चुकलं. रेडिएटरच्या टोपणावर १.१ लिहिलंय, म्हणजे १.१ बार दाब. त्या दाबामुळेच आतलं पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांपर्यंत उकळत नाही. एवढ्या दाबापुढे लिंपण टिकेना, दुसऱ्याच दिवशी सुटलं. आणि आमच्या बोअरच्या पाण्याने पातेल्याला पांढरा थर धरतो, तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही धरतो.

जालन्यात ट्रॅक्टरचे रेडिएटर झाळणाऱ्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी नखाने खरवडून पाहिलं. "हे अॅल्युमिनियम हाय भाऊ. तांब्या-पितळेला मी डाग देतो, याला धरणार नाही. वाळूजला आर्गनवाला गाठा." आर्गनवाला म्हणजे आर्गन वायूच्या आवरणात अॅल्युमिनियम वेल्ड करणारा. मिस्त्रींनी एक रुपया घेतला नाही. झाळायचा प्रयत्न करून त्यांनी तो बिघडवला असता, तरी मला काही कळलं नसतं.

रात्री इंजिन गार झाल्यावर पंपाखालचा बोल्ट काढून पाणी परातीत घेतलं. आई म्हणाली, "झाकून ठेव, कुत्रं येईल." बरोबरच होतं. त्यात उरलेल्या कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं, कुत्री चाटतात आणि मरतात.

वाळूजच्या कारागिराने हत्यार लगेच उचललंच नाही. "कुठून गळायलंय ते आधी बघू." तोंडं बंद करून त्याने टायरच्या पंपाने १५ पौंड हवा भरली आणि रेडिएटर पाण्याच्या टबात बुडवला. चेपलेल्या कोपऱ्यातून बुडबुडे आले, ते अपेक्षितच होतं. पण खालच्या ब्रॅकेटपाशीही बारीक माळ उठली. तो तडा मला दिसलाच नव्हता.

मग तासभर नुसती सफाई चालली. इपॉक्सीचा कण न् कण काढला, अॅल्युमिनियमसाठीच राखलेल्या स्टीलच्या ब्रशने घासलं. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्यावरची ऑक्साइडची साय मात्र २००० च्या वर. साय तशीच राहिली तर आतला धातू वाहून भोक पडतं. म्हणून हे वेल्डिंग एसी करंटवर करतात, तो ती साय फोडत जातो. ब्रेक क्लीनरने पुसू का विचारलं तर तो ओरडलाच. क्लोरीनवाल्या क्लीनरपासून आर्कच्या उष्णतेत विषारी फॉस्जीन वायू बनतो.

वेल्डिंग दहा मिनिटांचं. करंजीच्या मुरडीसारखी एकसारखी शिवण. पुन्हा बुडवून पाहिलं, एक बुडबुडा नाही. नऊशे रुपये झाले.

घरी तीनदा धुऊन, बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं भरलं. टोपण उघडंच ठेवून गार इंजिन सुरू केलं आणि हवा निघेपर्यंत होज दाबत राहिलो. रात्रभर गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं होतं, ते कोरडं राहिलं. ब्रॅकेटची रबरं सुकून दगड झाली होती, तीही बदलली. दुसरा तडा त्यांच्यामुळेच गेला होता.