करारातला ‘दिवस’ मोजायला शिकले तेव्हा

शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता मी काम पाठवलं. एका यंत्राच्या माहितीपुस्तिकेचा अनुवाद होता, दोन महिने खपून केलेला. करारात लिहिलं होतं की काम मिळाल्यापासून दहा दिवसांत कंपनीने हरकत घेतली नाही, तर ते स्वीकारलं असं धरलं जाईल. मी दहा दिवस मोजले, अकराव्या दिवशी बिल पाठवलं आणि पुढच्या कामाला लागले. सतराव्या दिवशी, सोमवारी दुपारी, नऊ पानांची दुरुस्त्यांची यादी आली.

मुदत कधीच संपली, असं मी लगेच कळवलं. उत्तरात त्यांनी माझ्याच सहीच्या करारातले दोन उतारे पाठवले. पहिलं कलम म्हणत होतं: दिवस म्हणजे कामकाजाचा दिवस. आणि पार शेवटी, ‘सूचना’ या मथळ्याखाली, पाच वाजल्यानंतर पोहोचलेली गोष्ट पुढच्या कामकाजाच्या दिवशी पोहोचली असं धरायचं. म्हणजे माझं शुक्रवारचं काम पोहोचलं सोमवारी. पोहोचल्याचा दिवस मोजायचा नाही, म्हणून मंगळवार हा पहिला दिवस. शनिवार-रविवार गाळत गेलं की दहावा दिवस पडतो तो नेमका यादी आली त्याच सोमवारी. मी तीनदा मोजून पाहिलं. त्यांचं बरोबर होतं. दुरुस्त्या करून द्याव्या लागल्या, आणि बिलाची मुदत तिथून नव्याने सुरू झाली.

तीही ‘45 दिवस’ होती. मी दीड महिना धरून घरखर्चाची आखणी केली होती. पाच दिवसांच्या आठवड्याने 45 कामकाजाचे दिवस म्हणजे नऊ आठवडे, 63 दिवस. त्यात वर्षअखेरीला त्यांचं कार्यालय दोन आठवडे बंद होतं, तेही वगळले गेले. पैसे 77व्या दिवशी आले.

‘दिवस’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही, म्हणूनच तो असा निसटतो. ‘क्षतिपूर्ती’ किंवा ‘लवाद’ दिसलं की आपण थांबतो, विचारतो. दिवस, महिना, काम, पूर्ण, लेखी, खर्च या शब्दांवरून मात्र नजर सरळ पुढे जाते. तो करार इंग्रजीत होता आणि त्यात ‘डे’ प्रत्येक ठिकाणी मोठ्या अक्षराने सुरू होत होता. ती खूण असते: या शब्दाचा अर्थ शब्दकोशात नाही, व्याख्यांच्या कलमात बघा. मला हे तेव्हा माहीत नव्हतं.

पुढचा करार आला तेव्हा मी तो घेऊन एका वकील मैत्रिणीकडे बसले. तिने वाचायची पद्धतच बदलली. व्याख्या आधी वाचायच्या नाहीत, म्हणाली, कारण त्या सुट्या वाचल्या की सगळ्याच निरुपद्रवी वाटतात. आधी बाकीचा करार वाचायचा, व्याख्या केलेला शब्द आला की थांबायचं, आणि त्या जागी अख्खी व्याख्या ठेवून वाक्य मोठ्याने म्हणायचं. मी पैसे देण्याचं कलम तसं म्हटलं: ‘बिल मिळाल्यापासून, कंपनीचे मुख्य कार्यालय कामकाजासाठी खुले असेल अशा तीस दिवसांत.’ म्हणजे कार्यालय बंद ठेवलं की माझी मुदत थांबते, आणि ते कधी बंद ठेवायचं हे ठरवणार तेच. छापलेल्या ‘तीस दिवसांत’ मध्ये यातलं काही दिसत नव्हतं.

दुसरी गोष्ट तिने दाखवली ती क्रियापदाची. ‘काम म्हणजे अमुक’ असं असेल तर दार बंद, त्यापलीकडचं त्यात येत नाही. ‘कामात अमुक समाविष्ट आहे’ असं असेल तर दार उघडं, उद्या आणखी काहीही आत येऊ शकतं. माझ्या करारात काम ‘समाविष्ट’ होतं आणि खर्च ‘म्हणजे’ होता. माझी जबाबदारी मोकळी सोडलेली आणि मला मिळणारी भरपाई बांधलेली. जाणूनबुजून केलं असेल असं मला वाटत नाही, पण नुकसान तेवढंच झालं असतं.

‘महिना’ मी तरीही सोडून देत होते. त्यावर तिने 1981 मधला ब्रिटिश हाउस ऑफ लॉर्ड्सचा, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा, निकाल सांगितला, डॉड्स विरुद्ध वॉकर. भाडेकरूला 30 सप्टेंबरला नोटीस मिळाली आणि न्यायालयात अर्ज करायला चार महिने होते. सप्टेंबर संपला, तेव्हा जानेवारी संपेपर्यंत वेळ आहे, असं धरून त्याने 31 जानेवारीला अर्ज केला. न्यायालय म्हणालं, 30 पासून चार महिने म्हणजे 30 जानेवारी. एक दिवस उशीर, अर्ज बाद. मला त्या भाडेकरूचं फार वाईट वाटलं, कारण मीही अगदी तसंच मोजलं असतं.

मग मी चार ओळींचं पत्र लिहिलं. सगळ्या मुदती कॅलेंडरच्या दिवसांत मोजाव्यात, सुट्ट्या धरून. फक्त शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर मुदत पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत जावी. कामकाजाचा दिवस म्हणजे सोमवार ते शुक्रवार, सार्वजनिक सुट्ट्या सोडून. कुणाचं कार्यालय उघडं आहे याच्याशी संबंध नको. ‘कामा’पुढे ‘समाविष्ट’ऐवजी ‘म्हणजे’. आणि मराठी प्रतीत व्याख्या केलेले शब्द ठळक छापावेत, कारण देवनागरीत मोठं अक्षर नसतं. नुसता ‘दिवस’ लिहिला तर तो करारातला की रोजचा, हे वाचणाऱ्याला कळायला मार्गच उरत नाही. या शेवटच्या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त अडून बसले.

विचारायला संकोच वाटत होता, काम जाईल अशी भीतीही होती. दोन दिवसांत उत्तर आलं आणि चारही गोष्टी मान्य झाल्या. ठळक अक्षरांबद्दल तर त्यांनी आभार मानले. पाच वाजताचं कलम बदलावं, असं मी फोनवर विचारून पाहिलं, पण तिथे ते हलले नाहीत. त्यामुळे आता मी काम दुपारी तीनच्या आत पाठवते, पोच मागते, आणि करारावर पेन्सिलने तारीख लिहून ठेवते: मुदत संपते तो वार, तो दिवस.