बरणीचं झाकण, तिसरा आठवडा: थ्रीडी प्रिंटरवर अजून वस्तू चढलेली नाही

डिझाइनच्या अभ्यासक्रमात आमच्या चौघांच्या टीमने घेतलेला विषय: बोटांत जोर नसलेल्या माणसाला बरणीचं घट्ट झाकण स्वतःचं स्वतः उघडता आलं पाहिजे. सोमवारी प्रोटोटाइपचं, म्हणजे चालत्या नमुन्याचं, काम सुरू होईल. तीन आठवड्यांत वस्तू म्हणावी असं काहीच बनलेलं नाही, पण आराखडा निम्म्याहून जास्त बदललाय. तो कसा बदलला, ते इथे लिहून ठेवतो.

वस्तूच्या आधी तिची परीक्षा घेणारी चौकट बनवायची, हा माझा आग्रह होता. जाड प्लायवूडच्या पाटावर दोन लाकडी ठोकळे, आतल्या बाजूने खाच पाडलेले. मधे बरणी ठेवायची आणि सी-क्लॅम्पने (स्क्रूने आवळायच्या शिकंज्याने) आवळायची. झाकणाचा रंग पॉलिश पेपरने घासून त्यावर लाकडी पट्टी एपॉक्सीने चिकटवायची आणि रात्रभर तशीच ठेवायची. झाकणाच्या मध्यापासून बरोबर २०० मिमीवर भोक, त्यात सामान तोलायच्या डिजिटल काट्याचा हूक. काटा ओढत जायचं आणि झाकण सुटतं त्या क्षणाचा आकडा लिहायचा. काट्यावर २ किलो दिसले तर २ × ९.८१ × ०.२, म्हणजे साधारण ३.९ न्यूटन-मीटर पीळ (झाकण फिरवणारा जोर, टॉर्क).

काटा पट्टीशी काटकोनातच ओढायला हवा. ६० अंशांत ओढला की तेच झाकण उघडायला काटा सुमारे १५ टक्के जास्त दाखवतो. पहिल्या दिवशीचे सगळे आकडे आम्ही याच कारणाने खोडले. आता पाटावर पेन्सिलने काटकोनाची रेघ मारली आहे, एक जण ओढतो आणि दुसरी वरून रेघ बघते.

दुसरी अडचण वेळीच लक्षात आली हे बरं झालं. सीलबंद बरणी एकदाच उघडता येते. आत हवेचा दाब कमी असल्याने बाहेरची हवा झाकण दाबून धरते, शिवाय झाकणाच्या कडेचा मऊ थर काचेला चिकटलेला असतो. एकदा टक् आवाज आला की ती बरणी चाचणीतून बाद. म्हणून सीलबंद बरण्या शेवटच्या फेरीसाठी राखून ठेवल्या. रोजच्या चाचणीसाठी उघडलेलीच बरणी त्याच पट्टीने आणि त्याच काट्याने ३ न्यूटन-मीटरला आवळतो आणि मग सोडवतो. दर वेळी सुरुवात सारखी झाली तरच पुठ्ठ्याचा नमुना आणि प्रिंटरवरचा नमुना यांची तुलना होऊ शकते.

आकडे हाती आल्यावर आम्हाला वाटलं, तयारी झाली. मग टीममधल्या एकीच्या आजींना बोलावलं. त्यांना बरीच वर्षं संधिवात आहे. आमची चौकट त्यांनी नीट पाहिली आणि विचारलं, "अगं, हे सगळं ठीक आहे, पण बरणी धरायची कोणी?"

आमच्या चौकटीत बरणी क्लॅम्पने धरलेली होती. घरात ती दुसऱ्या हाताने धरावी लागते, आणि झाकणाला जेवढा पीळ द्यावा तेवढाच बरणीला उलट्या दिशेने रोखावा लागतो. आजींच्या हातात पुठ्ठ्याचा लांब दांडा दिला तेव्हा हे डोळ्यांसमोर घडलं. झाकणाकडचं काम हलकं झालं, पण बरणीच ओट्यावर गरागरा फिरली. दांडा कितीही लांब केला तरी डाव्या हाताचं ओझं तसूभरही कमी होत नाही. तीन आठवड्यांत मी मोजलेल्या एकाही आकड्यात ही गोष्ट आली नव्हती. मोजणीसाठी सोयीचा म्हणून जो भाग आम्ही क्लॅम्पने बांधून टाकला, नेमका तोच त्यांना सगळ्यात जड जात होता.

त्यामुळे वस्तू आता दोन भागांची झाली: खाली बरणीला धरणारी बैठक, वर झाकणाला धरणारा पट्टा. बैठकीसाठी रबरी चटई आणि निमुळती खाच असे दोन पर्याय आहेत. चटई सोपी आहे, पण ओली झाली की तिची पकड सुटते आणि ओट्यावर पाणी असणारच. माझा कल खाचेकडे आहे. बरणी फिरू लागली की खाचेत आणखी रुतावी, असा तिचा आकार हवा.

वरच्या भागासाठी व्ही आकाराचा जबडा सोडून पट्टा घेतला. जबडा झाकणाला दोनच ठिकाणी टेकतो आणि पातळ पत्रा चेपतो. पट्टा चहूबाजूंनी धरतो आणि ओढावा तसा आपोआप आवळतो. घर्षणांक (पकड किती, ते सांगणारा आकडा) ०.५ धरला, तर अर्धा वेढा घेतलेला पट्टा न घसरता दोन टोकांच्या ताणांत जवळपास ४.८ पटींचा फरक पेलतो, पाऊण वेढा घेतलेला साडेदहा पटींचा. पाव वेढा वाढवल्यावर एवढा फरक पडतो, म्हणून पट्टा कुठून आत शिरतो आणि कुठून बाहेर पडतो, यावरच आमचे सगळ्यात जास्त कागद खर्च झाले.

दांड्याच्या मुठीसाठी वेगळा नमुना करतोय. पुठ्ठा आणि फोमचे पाच आकार, आत काहीच नाही. पाम पायलट हा खिशात मावणारा छोटा संगणक बनण्याआधी त्याचा निर्माता जेफ हॉकिन्स नुसता लाकडाचा ठोकळा खिशात घेऊन फिरत आणि गरज पडेल तेव्हा तो बाहेर काढून वापरल्याचा अभिनय करत. मुठीचा प्रश्न तसाच आहे. हातात कशी बसते एवढंच विचारायचंय, आणि त्यासाठी पट्टा चालायची गरज नाही.

बाकीच्या टीमपैकी टेबल-दिव्याच्या टीमने थेट पूर्ण सांधा प्रिंटला लावला होता. दांडी आणि भोक दोन्ही ८ मिमी ठेवल्याने दांडी आत गेलीच नाही. प्रिंटरवर गोल भोक आराखड्यापेक्षा थोडं लहानच येतं. त्यांचं पाहून आम्ही आधी एक चाचणी-पट्टी काढायची ठरवलं: ८.० पासून ८.५ पर्यंत दर ०.१ मिमीला एक भोक आणि एक ८ मिमीची दांडी. थरांची दिशाही आधीच ठरवून टाकली. दांडा आडवा झोपवूनच छापायचा, कारण उभा छापला की वाकताना थर एकमेकांपासून सुटतात आणि तो थरावरच तुटतो.

चाचणी-पट्टी आत्ताच प्रिंटरवरून उतरली. ८.२ च्या भोकात दांडी ठोकून बसते, ८.३ मध्ये हाताने सरकते, ८.४ मध्ये खुळखुळते. बिजागरीला ८.३ घेतोय. गुरुवारी आजी पुन्हा येणार आहेत, त्याआधी बैठकीची पुठ्ठ्याची खाच तयार व्हायला हवी. निमुळत्या खाचेचा कोन किती ठेवला तर बरणी रुतते पण अडकून बसत नाही, हे कोणी करून पाहिलं असेल तर जरूर सांगा. आम्ही ३० अंशांपासून सुरुवात करतोय.