कोळशाच्या खोऱ्यात, मॅमॉच्या घरी

नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटच्या आमच्या मराठी मंडळींत ऑक्टोबर आला की ब्लू रिज पार्कवे हा डोंगरातला रस्ता ठरलेला. तीच लाल-पिवळी झाडं, तेच फोटो, डब्यात त्याच तिखटमिठाच्या पुऱ्या. यंदा मी हट्टाने गाडी आय-७७ वरून सरळ वर उत्तरेला काढायला लावली. "तिकडे आहे काय?" नवऱ्याचा प्रश्न. मलाही धड सांगता आलं नाही. ऑफिसातला एक सहकारी त्या भागातला. गावाचं नाव विचारलं की "तुला नाही माहीत असणार" म्हणून विषय बदलायचा. तेवढंच डोक्यात राहिलं होतं.

ईस्ट रिव्हर माउंटनचा बोगदा संपला की वेस्ट व्हर्जिनिया लागतं. ब्लूफील्डला हायवे सोडून रूट ५२ धरला आणि वळणं सुरू झाली. आंबा घाटात कधी मळमळलं नाही, इथे मात्र दोनदा काच खाली करावी लागली. रस्ता, रेल्वेचे रूळ आणि ओढा, तिघं एकाच घळीतून अंग चोरून जातात आणि उरल्यासुरल्या जागेत घरं. अशा घळीला इथे हॉलर म्हणतात. पोस्टाच्या पत्त्यापेक्षा 'कुठल्या हॉलरचे?' हीच खरी ओळख.

सुरुवातीलाच ब्रॅमवेल लागतं. तिथे खाणमालकांचे जुने वाडे अजून झोकात उभे आहेत. पुढची गावं मात्र बंद शटरांची. किंबॉलमध्ये पहिल्या महायुद्धातल्या कृष्णवर्णीय सैनिकांचं १९२८ सालचं स्मारक आहे. ते बघून बरं वाटलं, कारण हा भाग फक्त गोऱ्यांचा ही माझी समजूत तिथे मोडली. खाणीत दक्षिणेतले कृष्णवर्णीय होते, इटालियन होते, हंगेरियन होते. त्याच गावातलं वॉलमार्ट २०१६ मध्ये बंद झालं.

संध्याकाळी वेल्चला पोचलो, मॅकडॉवेल काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, मुख्य गाव. १९५० मध्ये काउंटीत जवळजवळ ९९ हजार माणसं होती, २०२० च्या जनगणनेत १९ हजार. इथल्या कोर्टाच्या पायऱ्यांवर १ ऑगस्ट १९२१ रोजी सिड हॅटफिल्ड या पोलीसप्रमुखाला बायकोच्या डोळ्यांदेखत गोळ्या घातल्या. तो खाणकामगारांच्या बाजूने उभा राहिला होता. तेव्हा घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, डॉक्टरही कंपनीचा. पगारसुद्धा अनेकदा 'स्क्रिप' नावाच्या टोकनांत, जी कंपनीच्या दुकानातच चालायची. पुढे यंत्रांनी माणसं कमी केली आणि १९८० च्या दशकात शेजारच्या गॅरीमधल्या यू. एस. स्टीलच्या खाणी बंद पडल्या. २९ मे १९६१ रोजी केनेडींच्या योजनेतले देशातले पहिले फूड स्टॅम्प, म्हणजे गरिबांसाठीची सरकारी अन्नाची कुपनं, याच वेल्चमध्ये दिले गेले. पंधरा माणसांचं घर, ९५ डॉलरचे स्टॅम्प.

आम्ही उतरलो ते एका बाईंच्या घरी. डोंगरात एटीव्ही, म्हणजे ती चार जाड चाकांची धुडं, चालवायला पर्यटक येतात. त्यांना त्या वरच्या दोन खोल्या भाड्याने देतात. वय बासष्ट. नातवंडं आजीला मॅमॉ म्हणतात, आजोबांना पॅपॉ. आम्हीही मॅमॉच म्हणायला लागलो. आम्ही शाकाहारी म्हटल्यावर त्यांनी जेवायला पिंटो बीन्स आणि मक्याचा ब्रेड केला. "डुकराची चरबी घातलेली नाही हं. चव लागणार नाही, आधीच सांगते." बीन्स म्हणजे आपल्या राजम्याचा धाकटा भाऊ. चव लागली, पण त्यांचा विश्वास बसला नाही.

पुढच्या खोलीत पॅपॉ. अठ्ठावीस वर्षं खाणीत काढली, फुप्फुसं कोळशाच्या धुळीने गेलेली. ब्लॅक लंग. कोपऱ्यात ऑक्सिजनचं यंत्र धडधडत असतं आणि त्याची लांबलचक पारदर्शक नळी ते जातील तिथे घरभर त्यांच्यामागे सरपटते. नऊ वर्षांचा नातू आणि सहा वर्षांची नात पळापळी खेळत होती. दर फेरीला दोघं न बघता, न थांबता, नळीवरून बरोब्बर पाय उचलायची. मी मात्र दोनदा अडखळले.

भांडी विसळताना मॅमॉ बोलल्या. मुलगी वृद्धाश्रमात कामाला होती. पेशंट उचलताना पाठ भरली आणि डॉक्टरने गोळ्या दिल्या. गोळ्यांची इथे काय कमी? याच रूट ५२ वर पुढे शेजारच्या काउंटीत केर्मिट नावाचं चारशे वस्तीचं गाव आहे. तिथल्या एका औषधाच्या दुकानात दोन वर्षांत हायड्रोकोडोनच्या, म्हणजे व्यसन लावणाऱ्या वेदनाशामकाच्या, सुमारे ९० लाख गोळ्या आल्या. मुलीने आधी स्वतःच्या गोळ्या संपवल्या, मग बापाच्या चोरल्या. मग घरातली करवत गेली, गवत कापायचं यंत्र गेलं. एका रात्री मॅमॉनी स्वतः पोलिसांना फोन केला.

"माझ्याच पोरीला बेड्या घातल्या, याच ओसरीवर. पुन्हा हा उंबरा ओलांडायचा नाही, सांगितलंय तिला."

फ्रिजवर चुंबकाखाली कोर्टाचा कागद होता. आईने मुलांना भेटायच्या वेळा. पुढे पेन्सिलीने फुल्या मारलेल्या, म्हणजे ती आली नाही ते दिवस. पेन्सिल नातवाची.

आमच्या ग्रुपवर एकदा चर्चा झाली होती: गोरे आहेत, नागरिकत्व आयतं मिळालंय, इंग्रजी मातृभाषा, तरी हे असे का राहतात? आपण दोन बॅगा घेऊन आलो आणि घर उभं केलं वगैरे. मीही तेव्हा पसंतीचा अंगठा टाकला होता. मॅमॉ याहून कडक बोलतात, मुलीला सरळ आळशी म्हणतात. पण गाव सोडून जायचं का, असं विचारल्यावर म्हणाल्या, "हे घर घ्यायला कोण येणार? आणि यांचं यंत्र?"

सकाळी नातवाबरोबर आम्ही पाणी आणायला गेलो. त्यांच्या नळाला तांबूस पाणी येतं, ते प्यायचं नाही. रस्त्याकडेला डोंगरातून एक पाइप बाहेर काढलाय, त्याखाली रांगेने कॅन भरायचे. आमच्या आधी दोन पिकअप होते. पोराने बारा कॅन भरले, प्रत्येकाचं झाकण दोनदा तपासलं. कॅन उचलताना आमची मदत घेतली नाही.

परतताना एका वळणावर म्हणाला, इथे थांबा. मोडक्या कॅम्परपाशी, म्हणजे चाकांवरच्या घरापाशी, एक पत्रपेटी होती. पेटीच्या खांबाला टेकवून त्याने एक कॅन ठेवला, कॅम्परच्या खिडकीकडे क्षणभर बघितलं आणि येऊन बसला.

घरी नाश्त्याला बिस्किटं, म्हणजे इथले मऊ गरम पाव, तयार होती आणि मॅमॉ ओसरीवर उभ्याच होत्या. एकेक कॅन हाताने मोजून आत घेतला. अकरा. नातवाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हात धू, बिस्किटं गार होतायत."