हळद तळ्यात का सुटते, याचे उत्तर मिळाले

शेततळ्यातल्या रोहू माशांना रोग होऊ नये म्हणून त्यांच्या खाद्याला हळदीच्या अर्काचा लेप देऊन पाहतो आहे. मागच्या नोंदीत, हा लेप खाद्याच्या गोळ्यांवर पक्का बसल्याचे मी लिहिले होते. ते खरे ठरले नाही. घरी फिल्टरच्या पाण्यात अर्धा तास ठेवूनही पाणी निवळ राहायचे. तेच खाद्य शेततळ्यात टाकले की दहा मिनिटांत पिवळा ओघळ दिसायचा, म्हणजे रोहूच्या तोंडी लागण्याआधीच अर्क पाण्यात जायचा.

तीन आठवडे मी दोष चिकटद्रव्याला देत राहिलो. जिलेटिन दुप्पट केले, मैद्याची खळ लावली, अंड्याचा पांढरा बलक वापरला, गोळ्या सावलीत दोन दिवस सुकवल्या. बलकाचा लेप सर्वांत घट्ट बसला, तरी पिवळेपणा सुटतच राहिला. रविवारी दुपारी तीन वाजता तळ्याचेच पाणी बरणीत भरून आणले आणि त्यात गोळ्या टाकल्या. थोड्या वेळाने पिवळ्यावर तांबूस झाक आली. आई पाहून म्हणाली, "ह्यात चुना पडला का रे? कुंकू व्हायला लागलंय."

हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो, हे लहानपणापासून पाहिलेले असूनही मला सुचले नव्हते. हळदीतील कुर्कुमिन आम्लधर्मी किंवा उदासीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. अल्कधर्मी पाण्यात मात्र ते विरघळते, लालसर होते आणि लवकरच त्याचे विघटन होते. मीटर लावला, तर दुपारचा पीएच (पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी याचे माप; ७ म्हणजे उदासीन, त्यावर अल्कधर्मी) ९ आणि सकाळी सातचा ७.८ निघाला. उन्हात शेवाळ पाण्यातील कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, म्हणून पीएच चढतो, आणि मी खाद्य टाकत होतो दुपारी चारला! शिवाय पंधरवड्यापूर्वी तळ्याला चुनाही दिलेला होता. (पीएचच्या कागदी पट्ट्यांवर या कामात विसंबू नये, पिवळ्या पाण्यात त्यांचा रंग फसवतो.)

आता खाद्य सकाळी नऊला देतो; तोवर विरघळलेला प्राणवायू वाढू लागलेला असतो आणि पीएच फार चढलेला नसतो. ओघळ स्पष्टपणे कमी झाला आहे. गेल्या पावसाळ्यात एरोमोनास या जिवाणूमुळे माशांना झालेले लाल व्रण यंदा दिसले नाहीत, पण त्याचे श्रेय मी अजून हळदीला देणार नाही. तो पाण्यात असतोच आणि माशावर ताण आला की उलटतो. यंदा मी एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) बसवला आहे आणि बोटुकलीही (बोटाएवढी माशांची पिल्ले) कमी सोडली आहे.

पुढचा प्रयोग पेरूच्या पानांचा ठरला होता, परंतु हे लिहितानाच वेगळे सुचले. कुर्कुमिन तेलात विरघळते, तर आतापर्यंत वापरलेल्या अल्कोहोलऐवजी कोमट शेंगदाणा तेलातच अर्क काढून तेच आवरण का देऊ नये? ठेचून दहा मिनिटे ठेवलेल्या लसणाचा रस न तापवता आतल्या थरात देता येईल, आणि वरून तेल. हळद सुटी पूड न घेता हळकुंडे आणून दळूनच घेणार. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली सांगलीची हळद हाताशी असताना रंग मिसळल्याची शंका असलेली पूड माशांना का घालावी? पेरूची पाने तोवर सावलीत वाळत राहतील.