जिन्यावरच्या टाचा

त्या दिवशीचं रीळ म्हणजे जवळजवळ एक जिनाच होता. कामगार वस्तीतली जुनी इमारत, अरुंद सिमेंटच्या पायऱ्या, मध्यरात्र. वसुलीला आलेला गुंड वरच्या मजल्यावर झटापटीत मेलाय आणि दोन मित्र त्याचं प्रेत गालिच्यात गुंडाळून खाली नेताहेत. गालिचा आखूड पडलाय, त्यामुळे बुटासकट पाय बाहेर आलेत आणि टाचा पायरीपायरीवर आपटताहेत. दोघांपैकी एकाचा धाकटा भाऊ नुकताच ह्याच कर्जापायी मारला गेलाय. एक मजला खाली त्याची आई जागी आहे, आणि प्रेत तिच्या दारावरूनच न्यायचंय.

मी फोली आर्टिस्ट आहे. सेटवर माइक संवादांवर रोखलेला असतो. पावलं, कपड्यांची सळसळ, हाताळलेल्या वस्तू हे सगळं आम्ही नंतर बंद खोलीत, पडद्याकडे बघत करतो. सिनेमा दुसऱ्या भाषेत डब होतो तेव्हा मूळ संवादांबरोबर सेटवरचे हे बारीक आवाजही निघून जातात, तेव्हाही आमचेच ट्रॅक कामी येतात. ज्यांच्यावरून या कामाला नाव पडलं त्या जॅक फोली यांनी युनिव्हर्सल स्टुडिओत सुरुवात केली ती १९२९ च्या 'शो बोट'पासून. मूकपट म्हणून केलेला तो सिनेमा बोलपटांची लाट आल्यामुळे आवाजासह आणायचा होता. आज यंत्रं बदलली, तरी चित्र बघून त्याच्याबरोबर अंगाने आवाज करायचा ही रीत तीच आहे.

दिग्दर्शक तरुण, हा त्याचा पहिलाच सिनेमा. त्याने एडिटमध्ये टाचांसाठी तात्पुरता आवाज टाकून आणला होता: पोकळ लाकडी खोक्यावर ठोकल्यासारखा, टणक आणि गमतीदार. "ताई, इथे लोक हसले पाहिजेत," तो म्हणाला. "नाही हसले तर ही दोघं नुसती खुनी वाटतील. पुढचा सगळा सिनेमा त्यांच्याबरोबर काढायचाय लोकांना."

त्याचं म्हणणं खरं होतं. गुन्हा आणि दुःख एकाच घरात नांदवणाऱ्या सिनेमात हसू हा वरून घातलेला मसाला नसतो. घाबरलेली, दमलेली माणसं आपल्याला न झेपणारं काम करताना दिसतात, त्यांची धांदल आपल्याला ओळखीची वाटते आणि हसता हसता आपण त्यांच्या बाजूला जाऊन उभे राहतो.

पण त्यानंतरचा शॉट आईचा होता. ती अंथरुणावर बसलीय, भिंतीपलीकडून तोच आवाज येतोय आणि तिला वाटतं, धाकटा कामावरून आला. तसेच जड बूट, तशीच दमलेली पावलं. ती उठते, केस सारखे करते, दाराकडे जाते. एडिटमध्ये इथेही खोक्याचाच आवाज, जरा दबका करून वापरला होता. मी दोन्ही शॉट सलग पाहिले आणि सांगितलं, की हे चालणार नाही. लाकडी खोक्याची वाट कुठली आई बघेल? जिन्यात लोक त्या आवाजाला हसले असतील तर खोलीत ते तिलाही हसतील, आणि तसं झालं की सिनेमा तिथेच हातातून गेला.

रशियन दिग्दर्शक लेव कुलेशॉव यांनी १९२० च्या सुमारास एक प्रयोग केला होता. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा, एकदा सुपाच्या वाडग्याशेजारी, एकदा शवपेटीशेजारी. पाहणाऱ्यांना त्यात कधी भूक दिसली, कधी शोक. आमच्यासमोरचं काम आवाजाचं, पण जात तीच. एकच ठोका जिन्यात हसवणारा आणि खोलीत काळीज हलवणारा हवा होता. त्यासाठी तो आधी खरा हवा. बाकीचं चित्र बघून घेतं.

मी रॅकवरून सुरक्षा-बूट काढले, पुढे लोखंडी टोपी असलेले, तळ झिजलेले. आधी आत वाळूच्या पिशव्या भरल्या आणि घोट्याशी दोरी बांधून सिमेंटच्या लादीवर सोडले. आवाज जड आला, पण मेलेला. मेलेल्या माणसाच्या पायाला तो कसा चालत नाही, असं वाटेल. पण पाय मेला तरी त्याला गुडघा असतो. टाच आपटते, मागून पोटरीचं वजन येतं, पायमोजा बुटात किंचित सरकतो. वाळूला सांधा नाही.

मग मी बूट हातात घातले. कोपरापर्यंत जुन्या जीन्सच्या बाह्या चढवल्या, लादीशेजारी पालथी झोपले आणि हात उचलून सैल सोडले. कोपराने गुडघ्याचं काम केलं. ठप्प, आणि त्याच्या पाठीला लागून कापडाचा एक हलका श्वास. काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने अंगठा दाखवला नाही, नुसता हेडफोन कानांवर दाबून धरला. आमच्यात ती मोठी दाद.

पडद्यावर २४ फ्रेमचा सेकंद, म्हणजे एक फ्रेम साधारण ४२ मिलिसेकंदांची. आवाज चित्राच्या आधी पडला तर कानाला लगेच खटकतो, किंचित मागून आला तर बराच चालतो, आणि थोडा मागे राहिलेला ठोका वजनदार लागतो. म्हणून टाचा मी एखादी फ्रेम उशिरा टेकवत होते. मनगटं सुजायला लागली तशी मी मध्ये मध्ये थांबत होते, पण हात बदलता येत नव्हते. दुसऱ्याच्या हाताचं वजन वेगळं पडलं असतं.

लय मात्र बसत नव्हती. जिना चढणाऱ्या माणसाची पावलं एकाआड एक पडतात, ओढून नेलेल्या प्रेताच्या टाचा एकदमच आदळतात. आईला धाकटा वाटावा कसा? रेकॉर्डिस्टने चित्र मागेपुढे केलं आणि म्हणाला, "अगं, खालच्या टप्प्यात बघ." वरच्या टप्प्यात दोघं गोंधळलेले आहेत, टाचा जोडीनेच आपटताहेत, मधेच घसरताहेत. वळणावर मात्र प्रेत एका अंगावर कललंय आणि दोघं कुजबुजत आकडे मोजायला लागलेत. तिथून पुढे एक टाच आधी, दुसरी मागून. नटांनी ते ठरवून केलं की जडपणामुळे आपोआप झालं, कोण जाणे. चित्रात ते होतं आणि आमचं काम तेवढं ऐकण्याचं होतं. आईच्या दाराजवळ येईपर्यंत प्रेत चालायला लागलं.

खोलीतल्या शॉटसाठी तोच ट्रॅक मशीनवर दाबून वापरण्यापेक्षा मी माइक बाहेरच्या बोळात नेऊन दार लावून घ्यायला सांगितलं. दार आणि भिंत वरच्या पट्टीचे आवाज खातात, खालचे सोडतात. बुटाची करकर गेली, कापड गेलं, राहिलं ते फक्त वजन. अशा खालच्या पट्टीच्या आवाजाची दिशा कानाला नीट कळत नाही. जिन्यावर कोणी वरून येतंय की खालून, हे त्या बाईला सांगता येणार नाही, आणि तिला ते ठरवायचंही नाहीये.

मग तिची सळसळ. धुऊन धुऊन मऊ झालेला सुती कपडा घेतला. रेकॉर्डिस्टने माइक इतका उघडला, की माझा श्वासही येत होता, म्हणून तो धरून ठेवत काम केलं. केसांवरून फिरणारा हात, अंथरुणाची सुरकुती सारखी करणं, उठताना गुडघ्यावर दिलेला जोर. अभिनेत्रीने एक फार बारीक गोष्ट केलीय: कडी काढण्याआधी तिची बोटं कडीला नुसती टेकतात आणि थांबतात. त्याचा आवाज म्हणजे धातूचा एक कण. तो मिळवायला मला बराच वेळ लागला आणि तो गेला असता तर मी पूर्ण दिवस फुकट गेला असं म्हटलं असतं. ती थांबते तेव्हा तिला कळलेलं असतं, असं मला वाटतं. तरीही ती दार उघडते.

दिग्दर्शकाला एकच काळजी होती, वरचं हसू गेलं असेल. म्हणून ऑफिसातल्या, सिनेमा न पाहिलेल्या दोघांना बोलावून पूर्ण प्रसंग दाखवला. पहिल्या टप्प्यात दोघं मोकळे हसले. खोक्याच्या आवाजाची गरजच नव्हती. गालिचा आखूड असणंच पुरेसं होतं. वळणानंतर एकाचं हसू चालू राहिलं, दुसरी पुढे सरकून बसली. खोलीचा शॉट आल्यावर हसणारा माणूस "अरे, नको ना उघडू" असं पडद्याला म्हणाला. दिग्दर्शकाने तात्पुरता ट्रॅक स्वतःच काढून टाकला.

एका गोष्टीवर मात्र आमचं जमलं नाही. दार उघडतं, उंबऱ्याबाहेर थोरला मुलगा, त्याच्या हातात गालिचा, आणि त्याच क्षणी मेलेल्याच्या खिशातला फोन थरथरतो. पटकथेत तसंच आहे, सिनेमातला सगळ्यात मोठा हशा म्हणून. फोनची थरथर मी सिमेंटवर, खिशाच्या कापडातून, अगदी मन लावून केली, कारण केलेलं काम अर्धवट देणं मला जमत नाही. पण माझं मत स्पष्ट होतं: आईने मुलाकडे पाहिलंय, तिला निदान दोन सेकंद मिळू द्या, फोन मग वाजवा. तो म्हणाला, "ताई, दोन सेकंदांत हशा मरतो." मी म्हणाले, "मरू दे. पुढच्या वाक्याला परत येईल."

शेवटी फोन लगेच वाजणारा आणि दोन सेकंदांनी वाजणारा असे दोन्ही ट्रॅक मिक्सिंगला, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवायला पाठवले, माझ्या ट्रॅकवर 'उशिराचा' अशी खूण करून. त्यावर त्याने काय ठरवलं हे मिक्स झाल्यावरच कळेल. आम्ही बूट वाळत ठेवले, मनगटांना बर्फ लावला आणि पुढच्या रिळातलं अंगणातलं भांडण लावलं. त्यात काच फुटते, आणि ती कोणाच्या घरची आहे हे आधी विचारून घ्यायचं होतं.