मार्चएंड, कुटार आणि चांदणी

मी भाषांतरं करते, कंपन्यांच्या माहितीपुस्तिका लिहिते, दिवाळी अंकांना लेख देते. नोकरी नाही. आणि माझ्याकडे दोन घोडे आहेत. नागपूरजवळ काटोल रोडला फेटरीच्या पुढे ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या आवारात टिनाचं शेड भाड्याने घेतलंय. तिथे चांदणी आणि तिचा बादल राहतात. दोघांचा महिन्याचा खर्च पंचवीस हजारांच्या खाली येत नाही. रुपया शब्द या दराने मला त्यासाठी पंचवीस हजार शब्द लिहावे लागतात. घरभाडं आणि माझं पोट त्यानंतर.

घोडे बाळगणं हे श्रीमंतांचं काम, असं मला नातेवाईक आजही सांगतात. चांदणी माझ्याकडे आली ती २०२० च्या शेवटी. लॉकडाऊनमध्ये लग्नसराई बुडाली होती आणि वरातीसाठी घोडी ठेवणाऱ्यांची दाणादाण उडाली होती. त्यांच्यावर लेख करायला गेले होते. एका घरी दाराशी ही पांढरी घोडी उभी होती, बरगड्या मोजता येतील अशी. मालक म्हणाला, "ताई, फोटो नका काढू, घोडी घेऊन जा." लेखाचं मानधन आणि थोडी बचत घालून मी ती घेतली. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांना जुन्या जखमांचे पांढरे वण होते. काटेरी लगामाचे. जनावरांच्या तोंडात असा लगाम घालायला १९६५ च्या नियमांपासून बंदी आहे, तरी वरातीत घोडी नाचवायला तो सर्रास वापरतात. पुढे तिचं पोट वाढायला लागलं तेव्हा कळलं की ती गाभण होती. घोडी अकरा महिने गाभण असते. अशा रीतीने एकाची किंमत देऊन दोन घोडे माझ्या पदरात पडले.

गेल्या वर्षीची, २०२५ ची गोष्ट. मार्चचा शेवटचा आठवडा. ऊन चाळीसच्या घरात गेलं होतं. शेडची देखभाल करणारे काका पूर्वी टांगा हाकायचे. सीताबर्डीला त्यांचा टांगा उभा असायचा. त्यांचा फोन सकाळी सहाला आला.

"ताई, घोडीनं रात्रीची चंदी तशीच ठेवली. पोटाकडे पाहून राहिली सारखी. तुम्ही या."

चंदी म्हणजे घोड्याचा दाणा. काका उगाच फोन करत नाहीत. मी गाडी काढली तेव्हा डोक्यात त्या दिवसाच्या दोन गोष्टी होत्या. एका औषध कंपनीचं भाषांतर संध्याकाळी सहापर्यंत द्यायचं होतं. आणि दुपारी वर्ध्याहून एक गृहस्थ बादलला बघायला येणार होते. डिसेंबरपासून एका मोठ्या कंपनीकडे माझं ४६ हजारांचं बिल अडकलं होतं. टीडीएसचे, म्हणजे आधीच कापल्या जाणाऱ्या आयकराचे, दहा टक्के वजा जाता ४१,४००. ते येत नव्हतं म्हणून बादल विकायचा विचार मी सुरू केला होता. या गृहस्थांचा वरातीच्या घोड्यांचा व्यवसाय होता.

पोचले तेव्हा चांदणी पुढच्या पायाने जमीन उकरत होती. मधेच मान वळवून कुशीकडे बघायची, वरचा ओठ उलटा करायची, बसायला जायची आणि पुन्हा उठायची. रात्रीची लीद नावाला, चार-पाच कोरडे गोळे. पोटाला कान लावला. निरोगी घोड्याच्या पोटात सतत गुडगुड चालू असते. इथे डाव्या बाजूला काहीच ऐकू येईना.

पोटशूळ म्हणजे घोडा पाळणाऱ्याचा सगळ्यात मोठा धसका. घोड्याला उलटी करता येत नाही. जठराच्या तोंडाशी असलेली झडप इतकी घट्ट असते की आत गेलेलं परत वर येत नाही. जास्तच साचलं तर जठर फुटू शकतं. त्यामुळे पोट दुखणारा घोडा दिसला की "बघू, दुपारपर्यंत उतरेल" म्हणायची सोय नसते. डॉक्टरांना फोन लावला. ते नागपूरच्याच पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, गाई-म्हशींबरोबर घोडे हाताळण्याची सवय असलेले. तासाभरात येतो म्हणाले. तोवर खायला काही द्यायचं नाही, घोडीला लोळू द्यायचं नाही, हळूहळू फिरवत राहायचं.

काका आणि मी आळीपाळीने तिला आवारातल्या कडुनिंबांच्या रांगेतून फिरवत होतो. तेवढ्यात कुटारवाल्याचा, म्हणजे जनावरांचा भुसा-चारा पुरवणाऱ्याचा, फोन.

"ताई, मार्चएंड आहे. मागच्या दोन गाड्यांचा हिसाब बाकी आहे तुमच्याकडे. या हप्त्यात क्लिअर करून द्या."

नमस्कार-चमत्कार नाही, गाऱ्हाणं नाही, आवाजही चढलेला नाही. माल दिला, पैसे द्या. मी म्हटलं, घोडी आजारी आहे. तो म्हणाला, "अरे बाप्पा. डॉक्टर बोलावला का? पहिले तिच्याकडे पाहा." क्षणभर थांबून पुढे, "पन या हप्त्यात द्या ताई." मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही. त्यालाही शेतकऱ्यांचे पैसे चुकते करायचे होते. उलट हे वाक्य मी माझ्या कंपनीला गेल्या तीन महिन्यांत एकदाही असं म्हटलं नव्हतं, हे तिथे कडुनिंबाखाली घोडीचा दोर धरून उभी असताना लक्षात आलं. मी लिहायचे: "आपण व्यस्त असाल याची कल्पना आहे, तरी सवडीने बिलाकडे लक्ष द्यावे ही विनंती." आणि उत्तर यायचं: "मॅडम, प्रोसेसमध्ये आहे."

डॉक्टर आले. जबड्याखालच्या धमनीवर बोटं ठेवून त्यांनी नाडी मोजली: ५६. उभ्या, शांत घोड्याची २८ ते ४४ असते. हिरड्या फिकट आणि चिकट. हिरडीवर अंगठा दाबून सोडला तर रंग परत यायला वेळ लागत होता. अंगात पाणी कमी असल्याची ती खूण. मग नाकातून नळी घालायची होती. चांदणीला तोंडाजवळ अनोळखी हात आला की ती उसळते, जुन्या लगामाची ती आठवण असावी. काका आणि मी मिळूनही ती आवरेना.

त्याच वेळी वर्ध्याचे गृहस्थ आले. ठरलेल्या वेळेच्या बरेच आधी. फाटकापाशी गाडी लावली, आमच्याकडे एक नजर टाकली आणि शर्टाच्या बाह्या दुमडत सरळ चांदणीपाशी आले. तिच्या खांद्याशी उभे राहून तिच्या मानेवरून हात फिरवत राहिले, काहीतरी पुटपुटत. मग वरच्या ओठाला दोरीचा हलका पीळ देऊन धरला. घोडी थांबली. डॉक्टरांनी नळी आत सरकवली, ती श्वासनळीत गेलेली नाही याची खात्री केली, जठरातून उलट काही येतंय का ते पाहिलं. काही आलं नाही. हे बरं लक्षण होतं. कोपरापर्यंत हातमोजा घालून त्यांनी गुदद्वारातून तपासलं आणि म्हणाले, "गोळा लागतोय. वळणावर अडकलंय."

घोड्याचं मोठं आतडं डाव्या बाजूने मागे येतं, ओटीपोटापाशी वळतं आणि तिथेच अरुंद होतं. कोरडा चारा आणि कमी पाणी असं झालं की बहुतेक वेळा तिथेच दाटतं. बोअरची मोटार आधीच्या दिवशी जळाली होती. टँकरचं पाणी लोखंडी ड्रममध्ये भरलेलं, ड्रम उन्हात. काकांनी बादल्या पुढे केल्या होत्या, पण कढत पाण्याला चांदणीने तोंडच लावलं नाही. एरवी उन्हाळ्यात ती दिवसाला तीसेक लिटर सहज पिते.

वेदना कमी करायला फ्लुनिक्सिनचं इंजेक्शन, नळीतून लिक्विड पॅराफिन आणि मिठाचं कोमट पाणी, शिरेतून सलाईन. डॉक्टरांनी सगळं स्पष्ट सांगितलं. संध्याकाळपर्यंत हललं नाही तर पुन्हा नळी. नाडी साठीच्या वर जात राहिली आणि इंजेक्शनचा असर टिकला नाही तर ऑपरेशन. घोड्याला पूर्ण भूल देऊन पोट उघडायचं म्हणजे रेसकोर्सच्या गावची सोय लागते. पुणं इथून सातशे किलोमीटर. एवढं बोलून ते थांबले. पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

वर्ध्याचे गृहस्थ ड्रमपाशी हात धूत होते. बादल कठड्यावरून मान काढून त्यांच्याकडे बघत होता. मीच विषय काढला तर म्हणाले, "आज नका बोलू ताई. आजारी घरात सौदा करत नाहीत." चहा घेतला. जाता जाता मी विचारलं, तुम्ही लगाम कोणता वापरता? त्यांनी लपवलं नाही. "लोक म्हणतात नाचला पाहिजे. बिनकाट्याचा लगाम घालून डीजेसमोर उभा राहत नाही घोडा." मग खाली बघून म्हणाले, "माझ्या बापाच्या वेळी बँड होता. तेव्हा नव्हतं लागत." त्यांच्या हातांनी माझी घोडी सावरली होती, आणि त्याच हातांत तो लगामही असतो. माझा बादल मी त्यांना देणार नव्हते, आणि तरी त्या माणसाबद्दल मनात आदर होता, आजही आहे.

औषध कंपनीला फोन करून घोडी आजारी आहे म्हणून सकाळपर्यंतची मुदत मागितली. मिळाली. मग कडब्याच्या पेंढ्यांवर बसून लॅपटॉप उघडला आणि त्या दुसऱ्या कंपनीला मेल लिहिली.

माझा मामेभाऊ सीए आहे. त्याने मला उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी, करून घ्यायला लावली होती, आणि तो क्रमांक माझ्या प्रत्येक बिलावर असतो. लिहिणारे, भाषांतर करणारे आपल्याला उद्योग समजत नाहीत, पण सेवा देणारी एकटी व्यक्तीसुद्धा सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवता येते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग (एमएसएमई) विकास कायद्याप्रमाणे अशा पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तेव्हाच्या आयकर कायद्यात कलम ४३बी(एच) आलं होतं: मुदत उलटूनही ३१ मार्चपर्यंत पैसे दिले नाहीत, तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा धरता येत नाही. हे सगळं मला माहीत होतं. वापरलं कधीच नव्हतं, कारण पुढचं काम जाईल अशी भीती.

त्या दिवशी मेल चार वाक्यांची झाली. काम कधी दिलं, बिल कधी दिलं, किती दिवस झाले, कोणतं कलम. विनंती हा शब्द नव्हता. शेवटी लिहिलं, "या आठवड्यात रक्कम जमा करावी, अन्यथा एमएसएमई समाधान पोर्टलवर तक्रार नोंदवेन." आणि प्रत त्यांच्या हिशेब विभागाला. पाठवली आणि चांदणीचा दोर पुन्हा हातात घेतला.

दुपारभर दर तासाला थोडं फिरवणं, नाडी मोजणं, कान लावणं. चारच्या सुमारास डाव्या बाजूला पहिली गुडगुड ऐकू आली. मी काकांना बोलावलं, त्यांनीही कान लावला आणि म्हणाले, "हाव. बोलून राहिली." पाचनंतर तिने बादलीत तोंड घातलं. गार पाणी शेजारच्या शेतातल्या विहिरीतून आणलं होतं, चिमूटभर मीठ टाकून. डॉक्टर परत आले, पुन्हा नळीतून औषध गेलं. नाडी ४८.

सव्वासहाला फोनवर बँकेचा संदेश आला. ४१,४०० जमा. सोबत कंपनीकडून एक ओळही नाही. मी लगेच कुटारवाल्याचे पैसे पाठवले, डॉक्टरांची फी दिली आणि मोटार दुरुस्त करणाऱ्याला सकाळी यायला सांगितलं. रात्री साडेदहाच्या पुढे चांदणीने शेपटी उचलली आणि लीद टाकली. आधी कडक, मग तेलकट चमकणारी, ओली, भरपूर. काकांनी टॉर्च धरला होता. ते मोठ्याने हसले, मी रडले. डॉक्टरांना फोटो पाठवला तर त्यांचं उत्तर आलं: "उत्तम. सकाळपर्यंत चारा नाही. मग मूठ-मूठ ओला चारा." शेडमध्येच बसून मी औषध कंपनीचं भाषांतर पुरं केलं, पहाटे दिलं.

एप्रिलमध्ये त्या मोठ्या कंपनीने मला भाषांतरकारांच्या यादीतून काढलं. कारण दिलं नाही. त्यांचं काम वर्षाला माझ्या उत्पन्नाचा बराच मोठा भाग होता, आणि ती खोट अजून भरलेली नाही. मे महिन्यात चंदीत हरभरा कमी करून गव्हाचा कोंडा वाढवावा लागला. नालबंदालाही एकदा पुढची तारीख दिली. पण आता नवं काम घेताना निम्मी रक्कम आधी मागते, आणि मुदतीचा नियम पहिल्याच मेलमध्ये लिहिते. दोन जणांनी ते वाचून काम दिलं नाही. तिघांनी काही न बोलता आगाऊ रक्कम भरली.

वर्ध्याच्या गृहस्थांना मी स्वतः फोन करून सांगितलं की बादल विकायचा नाही. ते म्हणाले, "मला तेव्हाच समजलं होतं." मग विचारलं, "घोडी कशी आहे? पाणी पेते ना?"