नऊ मिनिटं मागे पडलेला माग

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात पोचलो, तेव्हा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, मागांची स्थिती दाखवणाऱ्या स्क्रीनसमोर तावातावाने बोलत होते. "साहेब, हे म्हणतंय चौदा नंबर बंद. मी आत्ता तिथनंच आलोय, माग चालू हाय!"

स्क्रीन नऊ मिनिटं मागे होती. बाण्याचा धागा तुटलेला, तो जोडूनही झालेला, आणि डेटाबेसमध्ये जायची नोंद अजून रांगेतच. माणूस धावत जायचा तो चालू मागाकडे. मला ते फार लागलं.

दोनशे माग, प्रत्येकाची सेकंदाला एक नोंद, आकडा काही मोठा नाही. पण खाली मायएसक्यूएल डेटाबेसचं इनोडीबी, म्हणजे डेटा डिस्कवर ठेवणारं इंजिन, आणि फिरती हार्ड डिस्क. प्रायमरी की (नोंदीची ओळख) म्हणून यूयूआयडी, म्हणजे क्रम नसलेला लांबलचक आकडा, वर दोन इंडेक्स, म्हणजे नोंदी शोधायच्या सूच्या. इंडेक्स मेमरीत मावत होते तोवर सगळं सुरळीत होतं. ते बाहेर सांडले आणि शंभरेक बाइटच्या नोंदीसाठी डिस्कवर कुठलं तरी १६ केबीचं पान शोधून आणावं लागू लागलं. अशी डिस्क सेकंदाला शे-सव्वाशे उड्या मारते. दोनशे नोंदी कुठून झेपणार?

आधी की बदलली: माग नंबर आणि वेळ. निम्मं दुखणं तिथंच गेलं. इंजिन बदलण्याआधी प्रत्येकाने हे करून पाहावंच. पण इंडेक्सच्या उड्या राहिल्याच. म्हणून मारियाडीबी हा मायएसक्यूएलचाच भाऊबंद डेटाबेस घेऊन टेबल त्यातल्या मायरॉक्स इंजिनवर नेलं. त्याखालचं रॉक्सडीबी नोंद लॉगमध्ये टाकतं, मेमरीत क्रमाने लावतं आणि गठ्ठा भरला की सलग फाइल लिहितं. साध्या इंडेक्सच्या नोंदीसाठी जुनं पान वाचतही नाही. रांग तासाभरात रिकामी झाली.

मग घाई मला नडली. भर पाळीत तीन महिन्यांचा जुना डेटा एकदम ओतायला घेतला. रॉक्सडीबी फाइलींचं एकत्रीकरण नंतर करतं, ती उधारीच असते. नव्या फाइली उतरतात त्या पहिल्या थरात २० फाइली साचल्या की रॉक्सडीबी लिखाण मुद्दाम मंद करतं, ३६ झाल्या की थांबवतंच. फाइलींचा आकडा विशीपार गेला आणि चौदा नंबर पुन्हा मागे पडू लागला. ओतणं तिथंच थांबवलं. उरलेला डेटा आठवडी सुट्टीच्या रात्री, माग बंद असताना, थोडा थोडा भरला. फाइलींच्या आकड्यावर नजर ठेवून पहाटेपर्यंत तिथंच बसलो होतो.